आठ नंबरचा ठराव

भानुदास अण्णांच्या घरी चहा मिळायचा, पण ठराव मंजूर झाल्यावर.

"सूचक?" अण्णा ओट्यावरून विचारायचे.

"चहा टाक म्हना की सरळ," आतून जनाकाकूंचा आवाज यायचा.

"सूचक, सौ. जनाबाई. अनुमोदक?"

मी हात वर करायचो. गल्लीतून जाणारा एखादा माणूसही चालता चालता हात वर करून जायचा. "सर्वानुमते मंजूर," असं म्हणून अण्णा पाटावर मांडी ठोकून बसायचे आणि मगच आत स्टोव्ह पेटायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ माझी गंमत करताहेत. आठवडाभरात कळलं की यात गमतीचा अंश अगदी थोडा आहे.

मी बी.ए., बी.एड. होऊन नेकनूरच्या पलीकडच्या त्या गावात माध्यमिक शिक्षक म्हणून लागलो होतो. माझे आई-वडील दोघंही ऊसतोड करणारे. आमच्या घरात पदवीचा कागद आला तेव्हा तो कुणी वाचला नाही, कारण वाचणारा मीच होतो. आईने त्याला हळद-कुंकू लावलं आणि पेटीत ठेवला. अण्णांकडे खोली बघायला गेलो, तर त्यांनी भाड्याचं काही बोलण्याआधी विचारलं, "शिक्षण?" मी सांगितलं. "कागद?" मी पिशवीतून काढून दिला. अण्णांनी चष्मा लावला, विद्यापीठाच्या नावापासून कुलसचिवांच्या सहीपर्यंत सगळा कागद मोठ्यांदा वाचला, जनाकाकूंना बाहेर बोलावून पुन्हा एकदा वाचला आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "मंजूर." खोली मिळाली त्याचा आनंद होताच. पण माझा कागद कुणीतरी शेवटपर्यंत वाचला, हे मी अजून विसरलो नाही. त्या दिवसापासून गल्लीत माझी ओळख "आपले पदवीधर सभासद" अशी झाली.

अण्णा सहकारी सूतगिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम होते. सुताच्या यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. त्यांची कुजबूजसुद्धा मारुतीच्या पारापर्यंत ऐकू जायची. गिरणीच्या कर्मचारी पतसंस्थेवर ते एकदा संचालक म्हणून निवडून आले होते. एकदाच. पुढच्या निवडणुकीत पडले. मग दुष्काळाची वर्षं लागली, कापूस येईना, आणि गिरणी बंद झाली. गिरणी गेली, पतसंस्था गेली, पण संचालकपण अण्णांच्या अंगातून गेलं नाही. जेवणाच्या ताटावर बसताना ते "मागील सभेचं इतिवृत्त कायम" म्हणत. त्याचा अर्थ, कालचीच भाजी आहे हे मी पाहिलं आहे आणि माझी हरकत नाही. एकदा जनाकाकू माहेरी जायला निघाल्या तर अण्णांनी "ऐनवेळचा विषय आहे, अध्यक्षांची परवानगी लागेल," असं म्हटलं. काकू म्हणाल्या, "अध्यक्षांनी भाकऱ्या थापायला शिकावं," आणि एस.टी.त बसून निघून गेल्या.

अण्णांकडे आणखी एक गोष्ट होती, जी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. बंदूक. दुनळी, बारा बोरची. वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना होता, तो वारसाने अण्णांकडे आला. ती पलंगाखालच्या लोखंडी पेटीत कुलपात असे आणि काडतुसं फडताळात वेगळ्या डब्यात, त्यालाही कुलूप. दर शनिवारी अण्णा ती बाहेर काढत, नळ्या सूर्याकडे धरून आत डोकावत, तेलाचा बोळा फिरवत आणि परत ठेवत. जनाकाकू तिला "सवत" म्हणत. कुठलीही निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेव्हा अण्णा तिला गोधडीत गुंडाळून एस.टी.ने नेत, आणि परत आल्यावर ओट्यावर बसून खिन्नपणे म्हणत, "लोकशाही आली की आपण निःशस्त्र." पण त्या बंदुकीतून अण्णांनी बार काढल्याचं गल्लीत कुणालाही आठवत नव्हतं.

तरीही त्या बंदुकीवर सगळ्या गल्लीचा संसार टांगलेला होता. दसरा झाला की ट्रक यायचे आणि आमच्या गल्लीतले जवळजवळ सगळे धडधाकट लोक उसाला जायचे. मागे राहायची म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. जाताना जो तो आपल्या घराची, नाहीतर कोठीच्या खोलीची चावी अण्णांकडे देऊन जायचा. अण्णांच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक चावीला गिरणीतली, सूत गुंडाळायची एकेक लाकडी बॉबिन बांधलेली होती, घरवाल्याचं नाव कोरलेली. चावीपेक्षा बॉबिन मोठी, त्यामुळे हरवायची भीती नाही. त्या खिळ्यांखाली अण्णा बसले की मला खरोखरच एखाद्या संस्थेच्या कचेरीत आल्यासारखं वाटायचं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी तळ्याला भेगा पडल्या होत्या. ट्रक दसऱ्याची वाट न पाहता आले. शेजारच्या वस्तीवर लोक निघून गेल्यावर दोन घरं फुटली होती. भांडी गेली, छपराचे पत्रे गेले आणि मुख्य म्हणजे कणगीतली ज्वारी गेली. भांड्यांचं कुणाला फार वाटलं नाही. पण ती ज्वारी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी उन्हाळ्यापर्यंत खायची होती. आमच्या गल्लीने धसका घेतला. जो येईल तो अण्णांना एकच विचारायचा, "अण्णा, बंदूक भरलेली हाय नव्हं?"

अण्णांच्या डब्यातली काडतुसं वडिलांच्या वेळची. ओल लागून फुगलेली. तेव्हा एका रविवारी अण्णा बीडला नवी काडतुसं आणायला निघाले आणि "पदवीधर सभासद" म्हणून मला बरोबर घेतलं.

दुकान मुनीरभाईंचं. ते अण्णांना ओळखत होते, कारण परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अण्णा दर खेपेला तिथे चहा पिऊन, काहीही न घेता परत यायचे. आज अण्णांनी काउंटरवर हात ठेवून जाहीर केलं, "घर राखायचं आहे. योग्य ते काडतूस द्या."

मुनीरभाईंनी आधी चष्मा पुसला. "घर राखायचं म्हंजे कोनाला मारायचं हाय?"

"कुणालाच नाही."

"मग लई चांगलं. बसा."

गल्ल्यामागच्या फळीवर त्यांनी एक डबा ठेवला होता, त्यात काचेच्या छोट्या वाट्या. काडतुसात आत छर्रे असतात, ते कोणत्या नंबरात केवढे, हे गिऱ्हाइकाला समजावं म्हणून त्यांनी वाट्यांत धान्य भरलं होतं. "हे एलजी," त्यांनी हरभऱ्यावर बोट ठेवलं. "एवढे मोठे, पन मोजके. रानडुकराला. हे एसजी, तुरीएवढे. बीबी, ज्वारीसारखे. आनि हे आठ नंबर, बाजरी. चिमूटभर न्हाई, मूठभर असतात. पाखराला."

"चोराला कोणतं?" अण्णांनी विचारलं.

"चोराचं नंतर. दीवार कशाची हाय?"

"मातीची. काहींची पत्र्याची. दारं फळ्यांची."

"समोरच्या घराला तुमचं दार किती लांब?"

"गल्लीच आहे, मुनीरभाई. इकडून तिकडे मीठ मागतात."

"समोर भिंतीच्या मागं कोन झोपतं?"

"रंगनाथ तात्या."

"दुश्मनी हाय का त्यांच्याशी?"

अण्णा जरा विचारात पडले. "नाही, तसं नाही. ते विरोधी गटातले आहेत."

मुनीरभाई हसले नाहीत. त्यांनी हरभऱ्याची वाटी उचलली. "ह्ये सुटलं ना अण्णा, तर चोराच्या अंगातून, दाराच्या फळीतून, तुमच्या तात्याच्या गोधडीतून जाईल. चोराला नाही लागलं तर अजून लांब जाईल. आनि बाजरी जवळून लागली तर तीबी काय फुलं न्हाईत, मानूस मरतो. पन फळीत अडकंल, भिंतीत अडकंल. आता तुमी सांगा, कोनतं देऊ?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिहास-मराठीचा पदवीधर. मी वाट्यांकडे पाहिलं.

"मी कावून सांगू?" मुनीरभाई म्हणाले. "भिंतीच्या मागं जे झोपतात त्यांना विचारा."

दुसरा कुणी असता तर हे वाक्य टाळाटाळ समजला असता. अण्णांचा चेहरा उजळला. या माणसाने त्यांना सभा बोलवायला सांगितली होती. त्यांनी मुनीरभाईंकडून चारही धान्यांचे दाणे रुमालाच्या चार कोपऱ्यांत बांधून घेतले आणि परतीच्या एस.टी.त संपूर्ण वाटभर तो रुमाल मांडीवर धरून बसले.

सभा मारुतीच्या पारावर, संध्याकाळी. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते, त्यामुळे बायका बोचकी बांधता बांधता आल्या होत्या. ठरल्या वेळी फारच थोडे जमले. अण्णांनी "गणपूर्तीअभावी सभा तहकूब" केली आणि लगेच त्याच जागी पुन्हा सुरू केली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही असा नियम आहे. इतिवृत्त मात्र ते कधीच लिहून घेत नसत. "लिहिलं की भांडण वाढतं," हा पतसंस्थेतला त्यांचा अनुभव होता.

"विषय एकच. काडतूस," अण्णांनी ताट मधे ठेवलं आणि रुमालाच्या गाठी सोडल्या. मुनीरभाईंनी सांगितलं ते सगळं त्यांनी सांगितलं, जरा जास्तच.

रंगनाथ तात्या पहिल्यांदा उठले. हे अण्णांच्या समोरच्या घरात राहायचे. बायको वारलेली, मुलगा-सून दर हंगामात उसाला जाणारी. गिरणीत ते अण्णांच्याच खात्यात होते आणि ज्या निवडणुकीत अण्णा पडले, ती तात्यांनी जिंकली होती. त्यामुळे अण्णा जे म्हणतील त्याच्या विरुद्ध बोलणं हे तात्या कर्तव्य समजत. पण आज त्यांच्या बोलण्यात पोटतिडीक होती.

"हरभरा," तात्या म्हणाले. "चोर काय चिमनी हाय का, बाजरी टाकायला? माजी कनगी गेली तर मी काय खाऊ? तुजे ठराव?"

"हां, हरभराच!" उसाला जाणाऱ्या पुरुषांपैकी बरेच ओरडले.

तात्यांचा पुतण्या उठला. "थांबा की बे. नंबर मोठा म्हंजी जोरबी मोठा. मी म्हनतो आठ!" आणि विरोधी गटाच्या अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांना तिथे गप्प बसता आलं असतं. ठराव त्यांना हवा तसाच होत होता. पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. "हरकतीचा मुद्दा," ते स्वतःच्याच विरुद्ध उठले. "गिरणीत वीस नंबरी सुतापेक्षा चाळीस नंबरी बारीक असतं की नाही? तसंच आहे. नंबर वाढला की दाणा बारीक."

"मग चोराला सुतानं बांध," तात्या म्हणाले, आणि सगळा पार हसला. टाळ्या वाजवणारे परत हरभऱ्याकडे गेले.

आता हरभरा मंजूर होणार हे दिसतच होतं. अण्णा खाली बघत होते. तेवढ्यात बोचक्याला गाठ मारत बसलेली कलावती उभी राहिली. ती नवऱ्याबरोबर, किसनबरोबर, सकाळी जाणार होती आणि दोन लेकरं सासूपाशी ठेवणार होती. सभेत ती कधी बोलली नव्हती, त्यामुळे तिने कुणाकडे न बघता ताटाकडे बघून सुरुवात केली.

"आमी चाललो. चोर आला तर कनगी न्हेईल. परत आल्यावर आमी उचल घेऊ, कुनाच्या दारात जाऊ, पन कनगी भरता येती." ती थांबली. "माजी लेकरं भिंतीला टेकून निजत्यात. अण्णाचा हात काय लोखंडाचा हाय का? कवा चुकला तर…" तिने बोचकं उचललं आणि कडेवर नसलेलं मूल सांभाळावं तसं छातीशी धरलं.

मग तिची सासू, सोनाबाई, भिंतीचा आधार घेत उठली. "जे जानार त्येंनी हात खाली ठिवा. जे मागं ऱ्हानार त्येंनीच वर करा."

असा नियम कुठल्याही पोटनियमात नव्हता. अण्णांनी घसा खाकरला, एकदा आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ग्राह्य."

म्हाताऱ्यांचे हात वर गेले. लेकरांनीही वर केले, त्यांना कुणी खाली घ्यायला सांगितलं नाही. आठ नंबर मंजूर झाला. तात्या उठले, धोतर झटकलं आणि "माजा इरोध नोंदवा," म्हणून पारावरून उतरले. अण्णांच्या भाषेत याला सभात्याग म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांचा मुलगा त्यांच्या घराची चावी अण्णांकडे देऊन गेला. "बापाला इथं एकट्याला ठिवत न्हाई. ह्या चोऱ्या ऐकून जीव लागत न्हाई. घेऊन चाललो संगं." ट्रकच्या मागच्या बाजूला उंच बोचक्यांवर तात्या पाठ करून बसले होते. अण्णा ओट्यावर उभे राहिले. तात्यांनी मान वळवली नाही.

आठ नंबरची काडतुसं आली. अण्णांनी ती डब्यात ठेवली आणि रोज संध्याकाळी बंदूक घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी सुरू केली. एका हातात बंदूक मोडून, म्हणजे नळ्या खाली पाडून रिकामी धरलेली, आणि काडतुसं सदऱ्याच्या खिशात. जनाकाकू म्हणायच्या, "चोर दिसला की म्हनाल, थांब बाबा, भरतो."

"पूर्वसूचना हा त्याचा हक्क आहे," अण्णा म्हणायचे.

पुढे बरेच दिवस काही घडलं नाही. मग एका रविवारी दुपारी गावाच्या वेशीवर पाण्याचा टँकर आला. टँकर आला की गल्ली रिकामी होते, हंडे, कळश्या, डबे, आंधळी-पांगळीसुद्धा. मी खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. अण्णा गुडघा दुखतो म्हणून मागे राहिले होते. एकदम समोरच्या बंद घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. तात्यांच्या घरात. दाराला कुलूप तसंच होतं.

मी बाहेर आलो तेव्हा अण्णा आपल्या दारात उभे होते. बंदूक भरलेली होती आणि बोट चापावर होतं. "अण्णा, मी कुणाला तरी बोलावतो," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. त्यांनी गिरणीतला आवाज लावला.

"सूचना क्रमांक एक! सदर घरात जो कोणी इसम बेकायदेशीररीत्या प्रवेश करून बसला असेल, त्याने तात्काळ हात वर करून बाहेर यावे!"

आत शांतता. मग काहीतरी सरकल्याचा आवाज.

"सूचना क्रमांक दोन! सदर इसमाने कळवावे की तो…"

आतून पत्र्याचा मोठा डबा दगडावर आपटला. धडाम्. अण्णा दचकले आणि बार सुटला.

तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. गल्लीतली सगळी कबुतरं उडाली. धूर निवळला तर तात्यांच्या दाराच्या फळ्यांवर देवी आल्यासारखे बारीक खड्डे उठले होते. अण्णांच्या हातातून बंदूक निसटून जमिनीवर पडली. ते फक्त एवढंच म्हणाले, "आरं देवा." सभेची भाषा कुठल्या कुठे गेली होती.

आणि मग आतून आवाज आला.

"काय बे भान्या! माज्याच घरात मला मारतोस व्हय?"

अण्णा धावले. गुडघा विसरून धावले. दाराशी जाऊन कुलूप ओढलं, मग चावी आठवली, परत आले, बॉबिनसकट चावी घेऊन गेले, पण हातांनी ती लागेना. शेवटी मी उघडलं. आत चुलीपाशी रंगनाथ तात्या पीठ सांडलेल्या जमिनीवर बसले होते. छातीवर, दंडावर हात फिरवून स्वतःला चाचपत होते. एक ओरखडाही नव्हता. मागच्या भिंतीचा एक पत्रा उचकटून ते पहाटेच आत शिरले होते.

"तू? तू तर गेलतास!" अण्णा म्हणाले.

"गेलतो. आलो."

"कावून आलास?"

"कोपीत बसून पोरांचे हात बघायचे? सकाळपास्नं ऊस तोडत्यात, मला म्हनत्यात बाबा तू बस. बस बस म्हनून म्हातारा करून ठिवला." तात्यांनी पीठ झटकलं. "मांजरसुंब्यापस्तोर ट्रकनं आलो. तिथनं मिळंल त्यानं."

"मग चावी मागायची ना. समोरच तर होतो मी."

"तुज्याकडं चावी मागू? सभेत माजा इरोध नोंदवला न्हाईस तू."

"लिहून घेतच नाही रे आपण!"

"त्येच म्हनतो."

अण्णा त्यांच्या समोर पिठातच बसले. मग अण्णांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा हळू निघाला, "मी एवढा ओरडलो. ओ का नाही दिलीस?"

"कुनाला वरडलास?" तात्या भडकले. "इसम म्हनलास! सदर इसम! ह्या घरात मी जल्मलो, हितं माजी बायको मेली, आनि मी इसम व्हय? रंगनाथ म्हनला असतास तर शिवी दिली असती, पन ओ दिली असती."

तात्या उठले, दारापाशी गेले आणि फळीत रुतलेला एक दाणा नखाने टोकरून काढला. तळहातावर घेऊन पाहिला. मग फळीच्या आतल्या बाजूला हात फिरवला. एकही दाणा आरपार आला नव्हता. ते चुलीकडे वळून पाहत राहिले, जिथे ते बसलेले होते. दार आणि चूल अगदी समोरासमोर होती.

"बाजरी," ते म्हणाले.

"आठ नंबर," अण्णा म्हणाले.

"ठराव बरा झाला म्हनायचा." मग लगेच, "पन इरोध माजा कायम हाय."

टँकरवरून बायका परतल्या तेव्हा अर्धी गल्ली आधीच पळत आली होती. पोलीस पाटील येऊन चहा घेऊन, सगळी हकिगत ऐकून आणि तात्यांना पाठीत दोन धपाटे घालून गेले. जनाकाकूंनी बंदूक उचलली, पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि चावी पदराला बांधली. ती चावी अण्णांनी परत मागितली नाही.

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर विशेष सभा बोलावली आणि राजीनामा दिला. "माझा हात चुकला. चाव्या घ्या आपापल्या. मी या कामाला लायक नाही." सगळ्या बॉबिन्स त्यांनी ताटात आणून ठेवल्या होत्या. इतका नीट, इतका कमी शब्दांचा ठराव अण्णांनी कधी मांडला नव्हता आणि त्याला अनुमोदन द्यायला एकही हात वर गेला नाही. चाव्या कुणाकडे द्यायच्या हाच प्रश्न होता. लेकरं घरात होती, कणग्या घरात होत्या आणि उसाचा हंगाम संपायला अजून पुष्कळ अवकाश होता.

शेवटी सोनाबाई म्हणाली, "राजीनामा नामंजूर. पर आता सदर-बिदर न्हाई. दारात उभं ऱ्हायचं आन नाव घ्यायचं. ज्येचं घर त्येचं नाव. आपलं मानूस आसंल तर ओ दील."

"आणि चोर असला तर?" अण्णांनी विचारलं.

"तर त्येला कळंल की घर कुनाचं हाय."

"अनुमोदन," तात्या म्हणाले. अण्णांनी चमकून वर पाहिलं. तात्यांनी अण्णांच्या कुठल्याही ठरावाला दिलेलं ते पहिलं अनुमोदन होतं. पण ठराव सोनाबाईचा होता, हे तात्यांनी नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगितलं.

त्या दिवसापासून अण्णांची संध्याकाळची फेरी बदलली. बंदूक पेटीतच राहिली. हातात काठी. प्रत्येक दारासमोर उभं राहून ते उसाला गेलेल्या घरवाल्याचं नाव घेत. "किसन! ए किसन! कलावती!" गिरणीतला आवाज, त्यामुळे उसाच्या फडापर्यंत जात असेल असं लेकरं म्हणायची. मग मान तिरकी करून क्षणभर ऐकत आणि पुढच्या दारापाशी जात. तात्यांच्या दारासमोर "रंगनाथ!" म्हटलं की आतून शिवी यायची. ती ऐकली की अण्णा समाधानाने पुढे जात. त्या वर्षी आमच्या गल्लीत चोरी झाली नाही. बंदुकीमुळे की हाकांमुळे, यावर पारावर वाद झाला आणि तो निकाली निघाला नाही.

मग माझी बदली तलवाड्याला झाली. लग्न झालं, मुलं झाली, जाणं कमी झालं. तात्या वारल्याचं मला पत्राने कळलं, तेही उशिरा. पुढच्या हंगामात दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावी गेलो. गल्ली नेहमीसारखी रिकामी होती. जनाकाकूंनी ओळखलं, बसवलं आणि न विचारता, ठरावाशिवाय चहा केला. "त्ये फेरीला गेलेत," त्या म्हणाल्या. "आता दिसत न्हाई धड. बंदूक परत केली सरकारला. पन फेरी काय सुटंना."

मी ओट्यावर चहा घेऊन बसलो. ऊन उतरत होतं. समोर तात्यांचं घर, मुलगा उसाला गेलेला, दाराला कुलूप. अण्णा काठी टेकत गल्लीच्या त्या टोकाकडून येत होते. खूप वाकले होते. पण आवाज तसाच. "किसन! कलावती!" थांबले. ऐकलं. पुढे आले. त्यांना मी दिसलो नाही. ते तात्यांच्या दारासमोर उभे राहिले.

"रंगनाथ!" त्यांनी हाक मारली.

दुसऱ्या दारांसमोर थांबले होते त्यापेक्षा ते तिथे बरेच जास्त वेळ उभे होते. मग दाराच्या फळीवर तळहात ठेवून "बरं, येतो मग," असं म्हणाले आणि काठीने वाट चाचपत शेजारच्या दारापाशी जाऊन त्यांनी पुढचं नाव घेतलं.